दादांसाठीं कर्णे

आमच्या घरांत एखादी मोठी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे तिच्यावर निदान महिनाभर खल व्हावा, असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. घरांत माणसें चौदा, आणि मतें मात्र पंधरा. कारण आमच्या वहिनींचीं नेहमीं दोन असतात. गेल्या दिवाळीपूर्वीं हा खल चालला तो दादांच्या गाण्याविषयीं. दादा म्हणजे माझे वडील बंधु. वय वर्षें शहात्तर. शेतीचा व्याप मुलांच्या स्वाधीन केल्यापासून गाणें ऐकणें हा त्यांचा एकच व्यवसाय उरला आहे, आणि आम्हांपैकीं कोणीं कचेरी वा शाळा केली नसेल इतक्या नियमानें ते तो करतात. त्यांचें जुनें यंत्र अलीकडे बोथट वाजतें, अशी त्यांची तक्रार दोन वर्षें चालू होती. "तंबोरा म्हणून ऐकूं येत नाहीं त्यांत. गवई नुसता अधांतरीं गातो," असें ते म्हणत. अखेर पुण्यास नोकरीस असलेल्या त्यांच्या धाकट्या मुलानें जाहीर केलें कीं, पाडव्याला दादांसाठीं 'होम थिएटर' घ्यावयाचें. पैसे त्याचे, निवड सर्वांची.

हा शब्द ऐकतांच निमगांव साव्याच्या आमच्या वाड्यांत जो आनंद पसरला त्याचें कारण गाणें नव्हे, हें सांगावयास नकोच. नातवंडांस चित्रपटांतील मोटारी पाठीमागून धांवून आल्यासारख्या ऐकावयाच्या होत्या. सूनबाईंना नव्या दिवाणखान्यांत टीव्हीशेजारीं शोभेल अशी वस्तु हवी होती. वहिनींचें पहिलें मत असें कीं घ्यावें, आणि दुसरें असें कीं घेऊं नये. चौकशीचें काम अर्थातच माझ्याकडे आलें. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें, आणि माझें पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापाशींच थांबलेलें. परंतु निवृत्त मास्तराजवळ वेळ असतो, आणि ज्याच्याजवळ वेळ त्याच्याजवळ ज्ञानहि असावें, असा घरांतील माणसांचा समज असतो.

ध्वनिक्षेपक ह्या भारदस्त शब्दापेक्षां मला 'कर्णा' हा शब्द जवळचा वाटतो, कारण आमच्या आजोबांच्या फोनोला खरोखरीच कर्णा होता. चावी भरावयाची, सुई टेंकवावयाची, आणि तीन-साडेतीन मिनिटांत गवयानें राग मांडून आवरता घ्यावयाचा. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें त्या सुमारापासून आपल्याकडे तबकड्या निघूं लागल्या. प्रथम त्या जर्मनींतून छापून येत. १९०८ पासून कलकत्त्यासच छापूं लागले. त्या तबकड्यांना बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. येथें संस्कृतच्या मास्तराला थांबल्यावांचून राहवत नाहीं : पांडवांना जाळण्यासाठीं दुर्योधनानें जिचें घर बांधविलें तीच ही लाक्षा. तिच्यावर कोरलेलें अब्दुल करीम खां ह्यांचें गाणें मात्र खांसाहेब १९३७ सालीं वारल्यानंतर इतक्या वर्षांनींहि आमच्या माजघरांत शिल्लक आहे.

आरंभीं गवई कर्ण्याच्या तोंडांत गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेंच सुई मेणावर रेघ कोरीत असे; विजेचा त्यांत संबंध नव्हता. त्यामुळें तंबोऱ्यासारखा नाजूक नाद तबकडींत बहुधा उतरतच नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत राइस व केलॉग ह्या दोघां अभियंत्यांनीं आजच्या ध्वनिक्षेपकाचा नमुना सिद्ध केला. त्याची रचना इतकी साधी आहे कीं, मीं ती नातवाला अंगणांत काठीनें काढून दाखविली. एक चुंबक, त्याच्या फटींत तारेचें वेटोळें, वेटोळ्याला चिकटविलेला कागदाचा शंकु. वेटोळ्यांतून गाण्याची वीज खेळूं लागली कीं तें पुढेंमागें हालतें, शंकु हालतो, शंकूपुढची हवा हालते, आणि ती हवा आपल्या कानाचा पडदा हालविते. शंभर वर्षें होत आलीं, पेट्यांचीं रूपें शेंकडों झालीं, पण आंतला जीव हाच आहे.

मोठा शंकु खालच्या स्वरांस बरा, कारण तेथें पुष्कळ हवा ढकलावी लागते; लहानसा घुमट वरच्या स्वरांस बरा, कारण तेथें चपळाई लागते. म्हणून चांगल्या पेटींत निदान दोन असतात : खालीं वूफर, वर ट्वीटर. देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त मंद्राचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मस्तक असें सांगून प्रत्येक स्थान मागच्याच्या दुप्पट उंचीचें म्हटलें आहे. पुढें दुकानांत ती उभी पेटी पाहतांना मला त्या श्लोकाची आठवण झाली. पुतण्याला मीं तें सांगूं लागलों, पण त्याचें लक्ष किंमतीकडे होतें.

आतां तंबोऱ्याचा हिशेब. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारें १३८ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. दादांच्या जुन्या यंत्रांतला तळहाताएवढा कर्णा शंभराच्या खालीं मान टाकीत असे. तरी खर्ज मुळींच ऐकूं येत नसे असें नव्हे. तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात, आणि तेवढे ऐकूं आले तरी मूळ स्वर कान आपल्या मनानें भरून काढतो. सर्व लहान यंत्रें कानाच्या ह्या औदार्यावर जगतात. परंतु तंबोऱ्याची खरी ओळख वरच्या अंगाला असते. घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी लावली म्हणजे उपस्वरांचा जो थवा उठतो तो हजारों कंपनांपर्यंत चढतो, आणि त्याच्यामुळेंच चार तारांचा नाद एखाद्या धुक्यासारखा खोलीभर पसरतो. तेव्हां तंबोरा नीट ऐकावयाचा तर कर्ण्याला पायथाहि हवा आणि शिखरहि हवें. हें मीं वहींत लिहून घेतलें. ऐकणाराच्या कानालाहि तीं दोन्हीं हवींत, हें मात्र लिहावयाचें मला सुचलें नाहीं.

पुढचा प्रश्न कर्णे किती घ्यावे हा. १९३१ सालीं, म्हणजे आपल्याकडे 'आलमआरा' हा पहिला बोलपट मुंबईस लागला त्याच वर्षीं, लंडनांत ॲलन ब्लमलीन नांवाचा एक तरुण अभियंता भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असतां त्याच्या लक्षांत आलें कीं, नट पडद्याच्या एका कडेला असला तरी त्याचा आवाज भलतीकडूनच येतो. त्यानें त्याच वर्षाअखेर दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठीं अर्ज केला. तेंच पुढें स्टिरिओ म्हणून प्रसिद्ध झालें, आणि तशा तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारांत आल्या. होम थिएटरांतील पांच-दशांश-एक ही मांडणी त्याच्यापुढची : समोर तीन कर्णे, पाठीशीं दोन, आणि केवळ गडगडाटासाठीं एक मोठा, ज्याला हे लोक दशांश एक म्हणतात. १९९२ मध्यें ही पद्धति संगणकी ध्वनीच्या रूपानें चित्रपटगृहांत आली आणि तेथून लोकांच्या घरीं.

म्हणजे पाहा : हें सारें कुल चित्रपटाचें आहे. दादांच्या संग्रहांतील बहुतेक गाणें एकाच मार्गावर मुद्रित झालेलें, थोडेंसें दोन मार्गांवर, आणि पांच मार्गांवर एकहि नाहीं. तें पांच कर्ण्यांतून वाजविलें तर खांसाहेब समोरहि गातात आणि पाठीमागेंहि गातात. मैफिलींत असा प्रसंग मीं पाहिलेला नाहीं. शिवाय हिशेबाची गोष्ट आहे. पुतण्यानें पन्नास हजार काढून ठेविले होते. त्यांतून ॲम्प्लिफायरचे वीस हजार गेले तर तीस उरतात. सहा कर्णे घ्यावे तर एकेकाच्या वांट्याला पांच हजार. दोन घ्यावे तर पंधरा. पांच हजारांचा कर्णा आणि पंधरा हजारांचा कर्णा ह्यांत जें अंतर असतें तें संख्येनें भरून निघत नाहीं. ज्या घरांत चित्रपट मुख्य आणि गाणें गौण, तेथें सहा खुशाल घ्यावेत. त्या मांडणीचा एक गुण तर मला प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे : तींत पात्रांचें बोलणें बहुतेक मधल्या कर्ण्यांतून येतें, आणि तेवढा एक कर्णा वाढवितां येतो, वृद्ध माणसांस संवाद समजावयास त्याची मोठी मदत होते. पण आमचा प्रश्न दादांच्या गाण्याचा होता. मीं दोघांच्या बाजूनें मत दिलें, आणि नातवंडें तीन दिवस माझ्याशीं बोललीं नाहींत.

आंकड्यांविषयीं थोडें सांगतों, कारण विकत घेणारास त्यांचाच धाक असतो. स्वस्त पेट्यांवर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारों वॉटचे आंकडे छापलेले असत. त्यांस कांहींएक अर्थ नसे. आर.एम.एस. म्हणून जो लहान आंकडा असतो तो पाहावा. तोहि दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं. शक्ति दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबल चढतो, आणि कानाला दुप्पट वाटावा म्हणून दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति, लागते. माजघरांत बसून ख्याल ऐकणाराला वॉटांची भूक फारशी नसते. एका वॉटवर एक मीटर अंतरावर कर्णा किती डेसिबल देतो हा आंकडा अधिक उपयोगी. ८६ आणि ८९ हे शेजारचे दिसतात, पण तेवढ्याच आवाजासाठीं पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट शक्ति लागते.

आणि सारे आंकडे चांगले असूनहि कर्णा वाईट असूं शकतो. अमर बोस हा एका बंगाली क्रांतिकारकाचा अमेरिकेंत जन्मलेला मुलगा. १९५६ सालीं बोस्टनजवळच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत शिकत असतां त्यानें छापील गुण वाचून गाण्याचें उत्तम यंत्र विकत घेतलें, घरीं आणून लावलें, आणि त्याची निराशा झाली. सभागृहांत ऐकलेलें वाद्य त्यांत नव्हतें. असें कां व्हावें ह्याचा शोध त्यानें आरंभिला, आणि सभागृहांत कानावर पडणाऱ्या ध्वनीचा बराच मोठा भाग भिंतींवरून परतून येतो ह्या गोष्टीवर त्यानें आपलें सारें शास्त्र उभें केलें. १९६४ मध्यें त्यानें स्वतःची कंपनी काढली. तिचे कर्णे सर्वांस आवडतात असें नाहीं. पण त्याची ती पहिली निराशा मला फार शहाणपणाची वाटते.

म्हणून पुण्यास दुकानांत जातांना मीं दोन अटी घातल्या. पहिली अशी कीं, दुकानदार जें वाजवील तें ऐकावयाचें नाहीं. आपलें, वर्षानुवर्षें ऐकलेलें गाणें बरोबर न्यावयाचें. दुसरी अशी कीं, दोन जोड्या ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावयाचा. जी जोडी किंचित् मोठ्यानें वाजते तीच कानाला सरस वाटते, आणि हें विकणारास पक्कें ठाऊक असतें. दादांनीं आपण होऊन तिसरी अट घातली : दुकानांत घाई करावयाची नाहीं. सत्तरीच्या दशकांत ते सवाई गंधर्व महोत्सवास जात, तेव्हांच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींत पहाटेपर्यंत मांडी मोडीत नसत. ऐकण्याच्या बाबतींत घाई हा शब्दच त्यांस अश्लील वाटतो.

दुकानांतील तरुण विक्रेत्यानें प्रथम अपेक्षेप्रमाणें एका लढाईच्या चित्रपटाचा भाग लावला. कांचा हादरल्या. दादांनीं हात जोडले. मग पुतण्यानें बरोबर आणलेला ख्याल लावला. सुरुवातीस मिनिट-दीड मिनिट नुसता तंबोरा आहे, नंतर गवई षड्ज लावतो. पेट्या उत्तम होत्या. पहिला झंकार उठतांच माझ्या अंगावर कांटा आला. खर्जाची तार जमिनींतून वर आल्यासारखी वाटली, आणि तिच्यावर जवारीचें तें धुकें. सूनबाईसुद्धां, ज्यांचा गाण्याशीं संबंध देवघरांतील आरतीपुरता, त्या मान हलवूं लागल्या. दादा डोळे मिटून बसले होते. मिनिटभरानें त्यांनीं डोळे उघडले आणि म्हणाले,

"घुमतो आहे चांगला. पण तंबोरा कुठें आहे?"

विक्रेत्यानें आवाज वाढविला. दादांनीं कान झांकले. "ओरडूं नका हो. मोठा नको आहे मला, तंबोरा हवा आहे." दुसरी जोडी लावली, तिसरी लावली. तीच तक्रार. तिसऱ्या जोडीच्या वेळीं आम्हीं चौघांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि मग कोणींच कोणाकडे पाहिलें नाहीं. दादांनीं तें पाहिलें. गवयाचा जाणकार असलेला माणूस समोरच्यांचे चेहरेहि जाणतो. ते उठले, उपरणें नीट केलें, आणि "चला, आज नको," एवढेंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मोटारींत कोणी बोललें नाहीं. मला मात्र दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकामागून एक आठवूं लागल्या. दादा बोलणें ऐकतात पण शब्द चुकीचे लावतात, म्हणून मुलें हंसत. सूनबाई हळू बोलल्या तर "काय पुटपुटतेस?" म्हणत, आणि मोठ्यानें बोलल्या तर "मी बहिरा नाहीं" म्हणून रागावत, त्यावरून घरांत दोनदां डोळ्यांस पाणी आलें होतें. आम्हीं सर्वांनीं तो वृद्धापकाळचा तिरसटपणा समजून सोडून दिला. मी तर त्यांचा सख्खा भाऊ, रोज संध्याकाळीं शेजारीं बसणारा. 'यंत्र बोथट झालें' असें ते म्हणत तेव्हां तेंच यंत्र मला पूर्वीइतकेंच वाजतांना ऐकूं येत होतें. तरी मीं तोंडांतून अक्षर काढलें नाहीं. वडील भावाला तुझा कान गेला असें कसें सांगावें, हा संकोच. तो संकोच म्हणजे भित्रेपणाच होता, असें आतां मला वाटतें.

नारायणगांव जवळ आल्यावर दादाच म्हणाले, "भाऊ, तुला ऐकूं आला ना?"

मीं म्हटलें, "आला, दादा."

"मला वाटलेंच," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यांत आम्हीं त्यांस कानाच्या डॉक्टरकडे नेलें. बंद खोलींत बसवून २५० पासून ८००० कंपनांपर्यंतचे स्वर क्षीण करीत करीत ऐकवितात आणि त्याची रेघ कागदावर काढतात. दादांची रेघ आमच्या नाणेघाटासारखी आली : दोन हजारांपर्यंत पठार, आणि तेथून एकदम कडा. वय वाढतें तसे कानाच्या आंतील सूक्ष्म केंस झिजतात, आणि प्रथम वरच्या स्वरांचे झिजतात. बोलण्यांतील स्वर खालच्या अंगाचे, म्हणून बोलणें ऐकूं येतें. स, श, त, फ हीं व्यंजनें वरच्या अंगाचीं, म्हणून शब्द लागत नाहीं. आणि अशा कानाला हळू आवाज मुळींच ऐकूं येत नाहीं, पण थोडा वाढविला कीं तो एकदम कर्कश होतो. सूनबाईंना हें समजावून सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते रागावत नव्हते."

तंबोऱ्याचा उलगडा आतां झाला. जुन्या यंत्रानें त्याचा पायथा खाल्ला होता आणि वयानें शिखर. नवीन कर्ण्यांनीं पायथा परत दिला, म्हणून दादा 'घुमतो आहे' म्हणाले. शिखर परत देणें कोणत्याहि कर्ण्याच्या हातीं नव्हतें. कांहीं अंशीं तें श्रवणयंत्राच्या हातीं आहे. पण त्याचीहि एक गंमत ऐका. हीं यंत्रें बोलण्यासाठीं बनविलेलीं असतात. त्यांच्यांतून कधीं कधीं शीळ वाजते, ती दाबण्याची युक्ति आंत बसविलेली असते. आणि एकसारखा लांबत जाणारा सूर ऐकला कीं ती युक्ति त्यालाहि शीळ समजूं शकते. म्हणजे तंबोरा, बांसरी, लांब लावलेला षड्ज, हेच तिला चोर वाटतात! म्हणून गाणें ऐकणारानें श्रवणयंत्र लावून देणारास तसें स्पष्ट सांगावें. गाण्यासाठीं वेगळी मांडणी त्यांत करून मिळते. आम्हीं तशी करून घेतली. बोलण्याची एक, गाण्याची एक.

मग कर्णे घ्यावयाचे कीं नाहीं? वहिनींची दोन्हीं मतें ह्यावेळीं एक झालीं : घ्यावयाचेच. ऐकूं कमी येतें म्हणून वाईट ऐकावें असा न्याय नाहीं, हें त्यांचें म्हणणें. पाडव्याला दोन कर्णे आले. दुकानांतली दुसरी जोडी. गडगडाटाची पेटी नाहीं, झगझगाट नाहीं.

ते कोठें ठेवावयाचे, ह्यावर पुनः वाद. नवीन दिवाणखान्याला स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी, एका बाजूस मोठी कांच. तेथें टाळी वाजविली तर ती भिंतीभिंतींतून ठणठणत फिरते, आणि गाण्याच्या तानाहि तशाच एकमेकींच्या अंगावर पडतात. जुन्या माजघराला मातीच्या जाड भिंती, वर तुळया आणि फळ्या, कोनाडे, फडताळें, पुस्तकें, जाजम. टाळी वाजविली कीं जेथल्या तेथें विरते. हें टाळीचें परीक्षण फुकटचें आहे, आणि कोणीहि आपल्या घरीं करून पाहावें. कर्ण्यांच्या दोन जोड्यांत जेवढा फरक असतो त्याहून पुष्कळदां दोन खोल्यांत अधिक असतो. अखेर माजघर ठरलें. कर्णे कोनाड्यांत बसविले तर शोभतील असें सूनबाई म्हणाल्या. पण भिंतीला वा कोपऱ्याला टेंकलेला कर्णा खालचे स्वर फुगवितो आणि डग्गा पोत्यावर मारल्यासारखा वाजतो, म्हणून भिंतीपासून दोन हात पुढें, लांकडी घोड्यांवर ठेविले. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन कर्ण्यांत जेवढें अंतर तेवढेंच त्यांपासून दादांच्या खुर्चीचें. तोंडें किंचित् खुर्चीकडे वळविलेलीं. ह्या मांडणींत स्टिरिओ तबकडी लागली कीं तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, आणि गवई मधोमध जेथें कांहींच ठेविलेलें नाहीं तेथें बसलेला भासतो. नातवंडांचा राग त्या दिवशीं गेला. त्यांनीं त्या रिकाम्या जागेंत हात फिरवून पाहिला.

उरला गोंगाट. आमच्या तालुक्यांत खोडद येथें आकाशांतील रेडिओ-लहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पांचपंचवीस किलोमीटरांच्या मुलुखांत पसरलेल्या. गोविंद स्वरूप ह्या शास्त्रज्ञाच्या कल्पनेंतून ती उभी राहिली. ती येथेंच कां बांधिली, असें मुलें मला शाळेंत विचारीत. अनेक कारणांपैकीं एक असें कीं, शहरांतील यंत्रांचा रेडिओ-गोंगाट येथें कमी होता आणि डोंगरांचा आडोसा होता. ऐकावयाचें तर मोठा कान बांधण्याइतकेंच भोंवतालची शांतता शोधणें महत्त्वाचें, हें त्या लोकांस ठाऊक होतें. आमच्या माजघरांत मिक्सर, पंखा आणि शीतकपाट ह्यांनीं मिळून जवारीचा अर्धा भाग गिळला होता. शीतकपाट ओसरीला नेलें. संध्याकाळीं साडेसात ते नऊ मिक्सर बंद, असा ठराव झाला. चटण्या त्याआधीं वाटून होतात. नऊनंतर दादाच यंत्र बंद करतात. २००० सालच्या नियमाप्रमाणें सार्वजनिक कर्ण्यास रात्रीं दहा ते सकाळीं सहा मनाई आहे; घरांतल्या कर्ण्यास शेजाऱ्यांच्या झोंपेचा नियम पुरतो.

आतां रोज सायंकाळीं दिवा लागल्यावर दादा श्रवणयंत्राची मांडणी बदलतात आणि खुर्चींत बसतात. त्यांना तंबोरा ऐकूं येतो का? विचारलें तर सांगतात कीं, येतो, पण पलीकडच्या खोलींत कोणी छेडीत असल्यासारखा. आणि एखाद्या दिवशीं येत नाहीं. आमची सात वर्षांची नात त्यांच्या पायाशीं जाजमावर बसते. गाणें सुरू झालें कीं दादा वांकून तिला विचारतात, "लागला का ग तंबोरा?" ती नीट ऐकते, घाई करीत नाहीं, आणि मान हलविते. मग ते मागें टेंकतात आणि डोळे मिटतात.